कादंबरीतला सैतान आणि घरातली मुले

इंग्रजी भाषेत एका विशिष्ट जातीची ख्रिस्ती कादंबरी गेली चार दशके लिहिली आणि वाचली जात आहे. तिचे नायक-नायिका तेरा ते अठरा वर्षांचे असतात. गाव लहानसे, शाळा नेहमीसारखी, घरात आईबापांची रोजची कुरबुर. परंतु या ओळखीच्या दृश्यामागे देवदूत आणि दुष्टात्मे यांचे घनघोर युद्ध चालू असते, आणि एखाद्या मुलीच्या एका प्रार्थनेने त्या युद्धाचे पारडे फिरते. फ्रँक पेरेटी यांची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' ही १९८६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मुळात प्रौढांसाठी होती; पण या कुळाचा मूळपुरुष तीच. पुढे १९९४ पासून बिल मायर्स यांनी 'फॉरबिडन डोअर्स' या मालिकेत एका बहीणभावाला जादूटोण्याच्या नादी लागलेल्या मंडळींसमोर उभे केले. जेरी जेन्किन्स व टिम लाहे यांच्या 'लेफ्ट बिहाइंड'ची मुलांसाठीची मालिका १९९८ ते २००४ या काळात चाळीस भागांत निघाली. हे चारही लेखक अमेरिकेतील इव्हँजेलिकल परंपरेतले. ख्रिस्तसभेचे संस्कार, संत, पापनिवेदन यांना त्यांच्या कथानकात फारशी जागा नसते.

ही पुस्तके मुळशी तालुक्यापर्यंत पोहोचली याचे नवल वाटू नये. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीमुळे तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात वसई, गोवा, मंगळूर, केरळ, अहिल्यानगर अशा ठिकठिकाणची कॅथॉलिक कुटुंबे येऊन राहिली. त्यांची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, एकमेकांकडून पुस्तके घेतात, पुष्कळदा ती मोबाइलवरच वाचतात. मुलगा रात्री जागून काहीतरी वाचतो आहे हे पाहून आई आधी सुखावते. मग मुखपृष्ठावरचे काळे पंख नजरेस पडतात आणि ती बिचकते. पुस्तकात येशूचे नाव आहे, बायबलातली वचने आहेत, शिवाय वाईट भाषा नाही. मग हरकत घ्यावी तरी कशाला? आणि हरकत न घ्यावी तर मुलाला रात्री दिवा बंद करून झोपण्याची भीती का वाटू लागली?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि ती दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात. पहिले उत्तर सुशिक्षितांचे : सैतान वगैरे जुन्या काळच्या कल्पना आहेत, मुलांना विज्ञान वाचायला द्या. कॅथॉलिक माणसाला हे म्हणता येत नाही. पोप सहावे पॉल यांनी नोव्हेंबर १९७२ मधील एका सार्वजनिक भेटीत सैतानाच्या अस्तित्वाविषयी निःसंदिग्ध शब्दांत बोलून अनेकांना अवघडून टाकले होते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने तीच शिकवण मांडली. पोप फ्रान्सिस यांनीही २०१८ साली पावित्र्यावरील आपल्या पत्रात सैतानाला नुसते रूपक समजू नका असे बजावले. आपण स्वतः प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी आणि दरवर्षी ईस्टरच्या जागरणविधीत मेणबत्ती हाती धरून सैतानाला मोठ्याने नाकारतो. आपल्यातील वडीलधाऱ्यांना दृढीकरणाच्या वेळी बिशपांनी गालावर मारलेली हलकी चापट अजून आठवत असेल. ख्रिस्ताचा शिपाई झालास, आता सोसायला शीक, असा तिचा अर्थ सांगितला जाई. १९७१ च्या नव्या विधीत ती चापट गेली. परंतु शिपाईपणा काही गेला नाही. मुले या कादंबऱ्यांकडे ओढली जातात यात म्हणूनच काही गैर नाही. शाळा त्यांना गुणांच्या टक्क्यांनी मोजते आणि घर त्यांना अभ्यासाला बसवते. ही पुस्तके मात्र त्यांना सांगतात, की तुझ्या एका होकाराला आणि एका नकाराला अनंतकाळचे मोल आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला इतक्या गांभीर्याने वागवणारे दुसरे कोण असते?

दुसरे उत्तर भाविकांचे : पुस्तक ख्रिस्ती आहे ना, मग वाचू द्या. याच उत्तरापाशी आम्ही अधिक थांबू इच्छितो, कारण धोका तिथे आहे. युद्धाची गोष्ट सांगायची म्हटली की शत्रूला उभे राहायला जागा द्यावी लागते. लेखक ती जागा कुठे देतो, यावर सारे अवलंबून आहे.

पेरेटींच्या कादंबरीत ध्यानधारणा शिकवणारी प्राध्यापिका आणि विश्वचैतन्याच्या गोष्टी करणारी संस्था दुष्टात्म्यांच्या कटातली ठरते. अमेरिकेतल्या लहानशा गावी ध्यान, योग, पूर्वेकडचे शब्द ही बाहेरून आलेली चीज असते; तिच्याविषयी संशय पेरणे लेखकाला सोपे जाते आणि वाचणाऱ्या मुलाच्या शेजारसंबंधाला त्याने फारसा धक्का बसत नाही. तेच पुस्तक मुळशीत वाचले जाते तेव्हा काय होते? इथे मुलगा ज्याच्या सायकलवर डबलसीट बसून शाळेत जातो त्या मित्राची आजी पहाटे ध्यानाला बसते. वर्गातल्या निम्म्या मुलांची घरे वारीला जाणारी असतात. ताम्हिणीकडे सहलीला निघाले की वाटेत देवराया लागतात. तिथल्या झाडांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी कुऱ्हाड लावलेली नाही, आत शेंदूर फासलेला एखादा दगड असतो, आणि गावकरी तिथली वाळलेली फांदीही सहसा घरी नेत नाहीत. कादंबरी वाचून आलेल्या मुलाला ती राई काय म्हणून दिसेल? पुस्तकाने शिकवलेला अर्थ एकच असतो : हे दुष्टात्म्याचे ठाणे. गावकऱ्यांनी देवाच्या नावाने स्वतःच्या हावेला घातलेली वेस त्याला दिसत नाही, आणि १९६५ च्या व्हॅटिकन महासभेने इतर धर्मांतील सत्य आणि पवित्र ते काहीही नाकारू नका असे जे शिकवले तेही त्याच्या कानी पोहोचत नाही. मित्राच्या घरचा प्रसाद नाकारावा की घ्यावा, हा सद्सद्विवेकबुद्धीचा नाजूक प्रश्न असू शकतो. संत पौलानेही करिंथच्या मंडळींशी तो प्रेमाने चर्चिला आहे. परंतु प्रसाद देणारा हात सैतानाचा आहे असे एकदा वाटू लागले, की प्रश्नही उरत नाही आणि मित्रही उरत नाही.

संत पौलाने इफिस येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय या कादंबऱ्यांचा आधारस्तंभ आहे. त्या अध्यायाचा ओघ नीट पाहिला तर आपला झगडा माणसांशी नाही हे पौल आधी सांगतो आणि मगच शस्त्रे वाटतो. ती शस्त्रेही कशी? सत्य, नीतिमत्त्व, शांतीच्या शुभवार्तेची तयारी, विश्वास, तारण, देवाचा शब्द. यांपैकी एकही शेजाऱ्यावर उगारता येत नाही.

शत्रू कोण आणि शस्त्र कोणते, हा वाद मुळशीला नवा नाही. मुळा-निळेच्या खोऱ्यात वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याचे ठरले आणि सुमारे पन्नास गावांच्या शेतजमिनी पाण्याखाली जाणार हे कळले तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे बिरुद याच लढ्यात मिळाले. आरंभी हात उगारायचा नाही असे व्रत होते. दिवस लांबले, माणसे तुरुंगात गेली, घरोघरी थकवा आला, आणि अखेरीस १९२४ मध्ये बापटांनी शस्त्र हाती घेऊन कामावरची रेल्वेगाडी अडवली व सात वर्षांचा तुरुंगवास पत्करला. १९२७ पर्यंत धरण पुरे झाले. अन्याय खरा होता, आणि त्या माणसाच्या त्यागापुढे आम्ही नम्र आहोत. आम्हांस इथे एवढेच दाखवायचे आहे, की लढ्याची फळी समोरच्या कंपनीपाशी संपत नव्हती. ज्यांच्याकडे मावळ्यांच्या जमिनी गहाण होत्या त्या पुण्याच्या सावकारांचे डोळे मोबदल्याकडे लागले होते. घरातही एक भाऊ तुरुंगात जाई आणि दुसरा रक्कम उचलण्याचा विचार करी. समोरचा शत्रू उघड्यावर असतो. मागच्या फळीतला मात्र आपल्याच पंक्तीला जेवतो. ज्या कादंबरीला ही दुसरी फळी दिसत नाही, तिने देवदूतांच्या कितीही पलटणी उतरवल्या तरी ती युद्धाची गोष्ट अर्धीच सांगते.

आजच्या मुळशीतही हेच चालू आहे. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट २०१८ साली आला तेव्हा तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो ख्रिस्ती नाही, त्यात शिवीगाळ आणि रक्तपात भरपूर आहे, आणि लहान मुलांना तो दाखवावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तथापि जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा पायरीपायरीने गुन्हेगारीत कसा उतरतो हे त्यात दिसते, आणि त्या उताराला सैतानाचे नाव न देताही मोहाचे व्याकरण त्यात बरोबर आले आहे. पहिल्यांदा अपमान, मग त्या अपमानाची भरपाई, मग भरपाईची चटक. शेजारच्या देहूच्या तुकोबांनी मनाशी आणि जगाशी रात्रंदिवस चाललेल्या झुंजीविषयी सांगून ठेवले आहे; मुळशीच्या मुलाला ही झुंज समजावून सांगण्यासाठी परदेशातून राक्षस आणण्याची गरज नाही.

आता दुसऱ्या धोक्याकडे वळू. त्यात मुलांच्या जिवाशी गाठ आहे, म्हणून तो आम्हांस अधिक भयंकर वाटतो. किशोरवय हे अनेक आजारांचे उंबरठ्याचे वय असते. अपस्माराचे झटके, खोल औदासीन्य, कानी पडणारे आवाज, हाताला जखमा करून घेण्याची ओढ हे सारे पुष्कळदा याच वयात प्रथम डोके वर काढते. ज्या मुलीच्या वाचनात आणि घरच्या बोलण्यात दुष्टात्म्याखेरीज दुसरा खुलासाच नाही, ती स्वतःविषयी काय समजूत करून घेईल? जर्मनीतील ॲनेलीज मिशेल या कॅथॉलिक मुलीला १९६८ साली, सोळाव्या वर्षी, पहिला झटका आला. अपस्माराचे निदान झाले, औषधेही झाली. पुढे तिला आणि घरच्यांना ही बाधाच आहे असे वाटू लागले. १९७५-७६ मध्ये तिच्यावर भूतनिष्कासनाचे सदुसष्ट विधी झाले. तिचे अन्नपाणी तुटत गेले आणि १ जुलै १९७६ रोजी, तेविसाव्या वर्षी, ती उपासमारीने मरण पावली. १९७८ साली न्यायालयाने आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवले. ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी बिशपांची परवानगी घेतली होती, त्यांचे तिच्यावर प्रेम होते. त्याआधी तीनच वर्षे 'एक्सॉर्सिस्ट' चित्रपट जगभर गाजला होता. त्यातली मुलगी बारा वर्षांची आहे आणि तिच्यापुढे डॉक्टर हात टेकतात. कथेत डॉक्टरांना हात टेकावेच लागतात, नाहीतर कथा पुढे सरकणार कशी? घरातली गोष्ट मात्र औषधाच्या चिठ्ठीवर थांबलेलीच बरी.

ख्रिस्तसभेने याविषयी जी शिस्त घालून दिली आहे ती आपल्या कुटुंबांना पुरेशी ठाऊक नाही असे आम्हांस वाटते. बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूला बाधित व्यक्तीवर हा विधी करता येत नाही, मग प्रार्थनागटाच्या प्रमुखाची गोष्टच सोडा. आधी आजार आहे की काय हे पारखले पाहिजे, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. १९९९ साली जाहीर झालेल्या सुधारित विधीतही घाईने बाधा मानू नये असा इशारा आहे. महाराष्ट्रात तर भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे वा छळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. दाभोलकर देव मानत नव्हते आणि आपण मानतो. परंतु आजारी मुलीला देवऋषाकडे नेऊ नका हे सांगताना त्यांचा आवाज आणि ख्रिस्तसभेचा आवाज एकाच बाजूने उठतो, हे मान्य करायला संकोच कशाला?

मग वाचायला द्यावे तरी काय? सुदैवाने ख्रिस्ती साहित्यात शत्रूला त्याच्या खऱ्या जागी उभे करणारी पुस्तके आहेत. सी. एस. लुईस हे अँग्लिकन. त्यांची 'स्क्रूटेप लेटर्स' १९४२ साली पुस्तकरूपाने आली आणि त्यांनी ती आपल्या कॅथॉलिक मित्राला, टॉल्किन यांना, अर्पण केली. त्यात एक अनुभवी सैतान आपल्या पुतण्याला पत्रांतून धडे देतो. त्यातला एक धडा प्रत्येक घराने ऐकावा असा आहे : तुझ्या माणसाला आईसाठी प्रार्थना करू दे, फक्त ती प्रार्थना तिच्या आत्म्यासाठी असावी, तिच्या संधिवातासाठी नसावी. म्हणजे आईच्या पापांची यादी त्याच्या डोळ्यांसमोर राहील आणि तिचे दुखणारे गुडघे दिसणार नाहीत. इथे गंधकाचा वास नाही, काळे पंख नाहीत. पण वाचणारा मुलगा पुस्तक मिटून आईच्या खोलीकडे एकदा तरी पाहीलच.

लुईस यांच्याच १९५० च्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' मधला एडमंड मिठाईच्या लोभाने भावंडांना फितूर होतो. मिठाई हे निमित्त. थोरल्या भावावर राज्य करता येईल ही लालूच खरी. त्याची सुटका झाल्यावर सिंह अस्लान त्याला बाजूला नेऊन एकट्याशी बोलतो. काय बोलणे झाले हे लेखक आपल्याला सांगत नाही, आणि भावंडांनाही झाले-गेले उकरून काढू नका असे बजावले जाते. पापनिवेदनाच्या गुप्ततेची याहून चांगली ओळख दहा वर्षांच्या मुलाला करून देता येईल असे आम्हांस वाटत नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी, आणि खरे म्हणजे त्यांच्या आईबापांसाठी, ग्रॅहम ग्रीन यांची 'ब्रायटन रॉक' (१९३८) आहे. ग्रीन कॅथॉलिक होते. पिंकी सतरा वर्षांचा, रोझ सोळांची, दोघेही कॅथॉलिक घरांत वाढलेली. पिंकी खुनी आहे. रोझने साक्ष देऊ नये म्हणून तो तिच्याशी लग्न करतो. नरकावर त्याचा पक्का विश्वास आहे, स्वर्गावर मात्र डळमळता. आणि हा एवढा तोल गेला की माणसाचे काय होते हे ग्रीन निर्दयपणे दाखवतात. सैतानावरचा विश्वास म्हणजे धर्म नव्हे, हे आम्हांला या कादंबरीइतके दुसऱ्या कोणी पटवलेले नाही. शेवटी रोझ एका म्हाताऱ्या धर्मगुरूपाशी पापनिवेदनाला जाते. देवाच्या दयेचा थांग माणसाला लागत नाही, एवढेच तो धापा टाकत तिला सांगू शकतो.

पुस्तक वाचून संपल्यावर मनात काय उरते, ही कसोटी संत इग्नाशियस यांची. १५२१ साली पांप्लोनाच्या किल्ल्यात पाय मोडून ते लोयोलाच्या घरी खिळून पडले होते. त्यांना शूर सरदारांच्या प्रेमकथा वाचायच्या होत्या. घरात त्या नव्हत्या, ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे होती. पडल्या पडल्या ते दोन्ही प्रकारची दिवास्वप्ने रंगवीत. दोन्हींत सारखीच गोडी वाटे. परंतु दरबारी पराक्रमाची स्वप्ने विरली की मन कोरडे पडे, आणि संतांच्या वाटेने जाण्याची स्वप्ने विरल्यावरही आनंद मागे राही. पुढे त्यांनी लिहिलेले आत्मपरीक्षणाचे नियम या शोधातून उगवले. त्यांतल्या एका नियमात ते शत्रूला चोरट्या प्रियकराची उपमा देतात : आपले बोलणे मुलीने बापाला सांगू नये, एवढीच त्याची अट असते. हा नियम आईबापांनी आपल्यापरीने वाचावा. 'पुस्तक काढून घेतीन' ही धमकी ऐकलेला मुलगा पुढचे पुस्तक लपवून वाचतो. 'त्या पुस्तकातला मुलगा स्वतः कधी चुकतो का रे? चुकला तर कोणाजवळ कबूल करतो?' असे जेवताना विचारले, तर निदान बोलणे सुरू होते.

पुस्तके काढून घेण्याचा प्रयोग आपल्या भाषेत एकदा होऊन गेला आहे. सोळाव्या शतकात गोव्यातल्या साष्टीत देवळे पाडली गेली आणि लोकांची जुनी पुराणेही त्यांच्या हातून गेली. ख्रिस्ती इतिहासातले ते पान वाचताना मान खाली जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच नव्याने ख्रिस्ती झालेला एक गृहस्थ पाद्रीगुरूंना म्हणतो, की आधीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का करून देत नाही? स्टीफन्स यांनी त्याला धर्मप्रश्नांची यादी दिली नाही. दहा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या, आणि १६१६ साली ते पुराण राचोल येथे छापून निघाले. लुसिफर कसा पडला याची कथा त्यात मराठी ओवीतून आली आहे.

तीच मागणी आज आपली मुले करीत आहेत, फक्त ती तोंडाने बोलून दाखवीत नाहीत. आपल्यापैकी जे लिहितात, ज्यांना मुळशीचा पाऊस आणि मुळशीची माणसे ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी एक कथानक आम्ही इथे ठेवतो. पौडजवळच्या एका कॅथॉलिक घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे. जमिनीला गिऱ्हाईक आले आहे. आत्या लग्न होऊन दूर गेलेली, विधवा, फारशी न शिकलेली; कायद्याने तिचा वाटा भावाइतकाच. वडील आणि काका ठरवतात, की तिला सणाला बोलवायचे आणि जेवणे झाली की हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. मुलाला हे पलीकडच्या खोलीतून ऐकू येते. त्याला मोटारसायकल कबूल झालेली आहे. आत्या उद्या सकाळच्या एसटीने यायची आहे आणि तिचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये आहे. त्या रात्री त्याच्या खोलीत आणखी कोण कोण हजर होते, हे लिहिणाऱ्याने सांगावे.